ताटांचा एकच ढीग

लग्नाला जाताना वच्छलाबाई आहेराच्या पिशवीत स्वतःचं ताट घालून न्यायच्या. पंगत बसली की वाढपी सगळ्यांपुढे थर्माकोलच्या प्लेटा टाकत जायचा. वच्छलाबाई आपल्यापुढची प्लेट उचलून त्याच्या हातात परत द्यायच्या, पिशवीतून काठाला चेपलेलं स्टीलचं ताट काढायच्या, पदरानं पुसायच्या आणि पुढ्यात मांडायच्या. आजूबाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. "हासा व, हासा," वच्छलाबाई भातावर वरण घेता घेता म्हणायच्या, "माह्यं ताट माह्यासंग घरी येते. तुमचं गाईच्या पोटात जाते."

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते असंच एका मांडवात. तसं आमचं गाव चामोर्शी तालुक्यातलं, मुठीएवढं. पण माझं सासर कुणब्यांच्या आळीत आणि त्यांचं घर बुद्धविहाराकडच्या मोहल्ल्यात, त्यामुळे रस्त्यात दिसल्या की मान हलवायची एवढीच ओळख होती. त्या दिवशी त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. जेवण झाल्यावर त्यांनी माझ्यासमोरच्या उष्ट्या प्लेटीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "हे कुठी जाते, मास्तरीणबाई?" मी निर्मला, अंगणवाडी सेविका, मास्तरीण नव्हे, पण गावात तेच नाव पडलेलं. मी म्हटलं, "टाकतील कुठेतरी." त्या म्हणाल्या, "फेकलं म्हनजे गेलं नाई, बाई. दुसऱ्याच्या दारात गेलं."

आमच्याकडे अशा सगळ्या फेकायच्या ताटवाट्यांना डिस्पोजल म्हणतात. पूर्वी पळसाच्या पत्रावळी असायच्या. त्या शिवणाऱ्या बाया आता हंगामात मिरची तोडायला तेलंगणात जातात, आणि चामोर्शीच्या बाजारात डिस्पोजलचे गठ्ठे पोत्यानं मिळतात. कार्य उरकलं की सगळं गावाबाहेरच्या बोडीच्या काठी टाकायचं. बोडी म्हणजे धानाला पाणी पुरवणारं लहान तळं. वारा सुटला की त्या प्लेटा पाण्यावर तरंगायच्या, धानाच्या बांधीत उडायच्या. कोणाला काही वाटायचं नाही. वच्छलाबाई मात्र कमरेएवढ्या पाण्यात उतरून काठीनं त्या ओढत बसायच्या आणि काठावरून जाणाऱ्याला नावानिशी हाक मारायच्या, "या भाऊ, तुमच्या पोराच्या लग्नातलं सामान भेटलं."

त्यांना कुठेही गप्प राहवायचं नाही. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात एकदा पडदा पडल्याबरोबर स्टेजवर चढल्या आणि घोषणा करणाऱ्याच्या हातून माइक घेतला. आमच्या झाडीपट्टीत नाटक म्हणजे रडण्याची पर्वणी, आणि त्या अंकात नायिकेनं सगळ्यांना रडवलं होतं. वच्छलाबाई म्हणाल्या, "रडा, मनभर रडा. पन रडता रडता चहाचा ग्लास खुर्चीखाली टाकू नोका. नायिका काई तुमचे ग्लास उचलाले येत नाई." लोक हसले, टाळ्या वाजल्या, आणि दुसऱ्या दिवशी ग्लास तिथेच होते. "हासले ना," त्या मला म्हणाल्या, "हासनारा मानूस आज ना उद्या आयकते."

नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून त्या परत माहेरी येऊन आईजवळ राहिल्या होत्या. थोडी धानाची जमीन, दोन शेळ्या. आई म्हणजे सोनाआजी. पाठीत वाकलेली, पण नजर शाबूत. एकदा मी बचत गटाच्या कामानं त्यांच्याकडे गेले तेव्हा वच्छलाबाई कुठल्याशा लग्नाला निघत होत्या आणि पिशवीत ताट घालत होत्या. आजी बाजेवर बसली होती. तिला लेकीच्या या सवयीचा पत्ताच नव्हता, कारण तिनं लग्नांना जायचं सोडून दिलं होतं. तिनं ते ताट पाहिलं आणि बाजेवरून उठून उभी राहिली.

"हे कुठी नेऊन राह्यली?"

"लग्नात. त्या डिस्पोजलमध्ये नाई जेवत मी."

आजीनं ताटाच्या चेपलेल्या काठावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "माह्या बापाले याच गावात जेवाचं बलावनं ये तं सांगत, घरून ताट आन. आमच्या ताटाले तुहा हात नोको. तो नेये. मांडवाच्या भाएर बसून खाये, आन तेच ताट डोक्यावर घेऊन घरी ये. दीक्षा घेतली तवा तो म्हने, आता ताट नाई नेत. बसवतीन तं त्याइच्या ताटात, नाई तं उपाशी. ज्या बापानं ते ताट सोडलं, त्याची नात तू. आन तू पुन्हा पिशवीत घालून राह्यली?"

 वच्छलाबाईंनी ताट पिशवीतून काढलं, फळीवर ठेवलं आणि त्या लग्नाला गेल्याच नाहीत. मला सोडायला दारापर्यंत आल्या तेव्हा डोळे भरलेले होते. "मी गाईचाच इचार केला, बाई," त्या म्हणाल्या. "आजाचा केलाच नाई."

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात दुसरंच घुसलं. आपापलं ताट नाही, गावाचं ताट हवं. सगळ्यांचं मिळून, एका ढिगात. कोणीही यावं, वरचं उचलावं, जेवावं, धुवावं, परत ठेवावं. म्हणजे बोडीही साफ आणि आजाची आनही राहिली. हे त्या इतक्या सोपेपणानं सांगायच्या की मलाही ते सोपं वाटायला लागलं.

त्यानंतर माझ्या जावेची गाय मेली. रंजना, माझी धाकटी जाऊ, आमच्याच बचत गटात होती. गाय दुभती, गुणी. पोट फुगलं, चारा सोडला, आणि डॉक्टर येईपर्यंत गेली. डॉक्टरांनी पोट फाडलं तेव्हा आतून थर्माकोल, पिशव्या आणि प्लास्टिकचे द्रोण यांचा घट्ट गोळा निघाला. रंजना अंगणात लोळण घेऊन रडली. वच्छलाबाईंनी तो गोळा घमेल्यात उचलला आणि ग्रामसभेच्या दिवशी तसाच, घाण वासासकट, सभेच्या मधोमध आणून ठेवला.

"हे रंजनाबाईच्या गाईचं अखरीचं जेवन," त्या म्हणाल्या. "कोनाच्या मांडवातलं हाय ते ओळखा, आन ज्याचं त्यानं घरी न्या."

कोणी ओळखलं नाही, पण सगळ्यांनी खाली पाहिलं. त्या सभेत ठराव झाला. गावातल्या कुठल्याही कार्यात डिस्पोजल वापरायचं नाही, बचत गटानं ताटं घ्यायची, ज्याच्या घरचं कार्य त्यानं धुवून परत करायची. सरपंचांनी विचारलं, कोणाची हरकत? एकाचीही नव्हती. सगळे हात वर होते, आणि सगळ्यांत उंच हात रंजनाचा होता. वच्छलाबाई माझा हात दाबून म्हणाल्या, "पाहा बाई, गाव काई वाईट नाई."

ताटं आणायला आम्ही दोघी चंद्रपूरला गेलो. येताना-जाताना सूरजागडच्या खाणीतलं लोखंड नेणारे ट्रक, धुळीनं तोंड भरलेलं, आणि बाजारात दुकान शोधता शोधता पाय दुखलेले. दुकानदार म्हणाला, "नाव काय टाकू? गटाचं टाकतो, मशीन आहे." वच्छलाबाईंनी मान हलवली. "कोनाचंच नाव नोको. नाव आलं का मालक येते." एकेक ताट उजेडाकडे धरून त्यांनी काठ तपासले. परतीच्या बसमध्ये पोती पायाशी घेऊन बसल्या आणि प्रत्येक खड्ड्याला आतली ताटं वाजली की मुलं झोपली का पाहावं तसा पोत्यावर हात ठेवायच्या.

ते वर्ष मी विसरणार नाही. लग्नं झाली, बारशी झाली, मंडई झाली, आणि बोडीच्या पाण्यात कमळं दिसू लागली. ती आधीही असतील, पण प्लेटांखाली. आमच्या आळीत लग्न असलं की ताटं इकडे यायची, विहाराकडे कार्य असलं की तिकडे जायची. ताटांच्या पेटीची किल्ली रंजनाकडे होती. ती जबाबदारी तिनं मागून घेतलेली, आणि मन लावून करायची. शेजारच्या गावातल्या बाया पाहायला यायच्या. वच्छलाबाई मोहल्ल्यातून येता-जाता सहज वाकडी वाट करून बोडीवर जायच्या आणि काठी न आणता नुसत्याच उभ्या राहायच्या.

मग एका सकाळी त्या अंगणवाडीत आल्या. मुलांना खिचडी वाढून होईपर्यंत कोपऱ्यात बसून राहिल्या. मुलं गेल्यावर त्यांनी पदराखालून एक ताट काढलं आणि पालथं करून माझ्या हातात दिलं. काठाच्या खाली, सहज दिसणार नाही अशा ठिकाणी, लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

"पोरांनी केलं असेल," मी म्हटलं.

"मलेही तसंच वाटलं. पन आमच्या मोहल्ल्यात येते त्या सगळ्या ताटाले हाय. आन तुमच्या आळीत जाते त्यातल्या एकालेही नाई."

आम्ही दोघी रंजनाकडे गेलो. रंजनानं नाकारलं नाही. ती रडायलाच लागली. पहिल्या लग्नानंतरच घरोघर कुजबुज सुरू झाली होती, म्हणाली. ताटं कोणाकोणाकडून येतात, कोणी जेवलेलं असतं, असं म्हाताऱ्या माणसांनी विचारायला सुरुवात केली. दोन घरांनी तर पुन्हा डिस्पोजल आणायचं ठरवलं. तेव्हा तिनं ठिपके दिले आणि हळूच सांगितलं, काळजी करू नका, वेगळी ठेवलीत. "काई वाईट मनानं नाई केलं, बाई," ती वच्छलाबाईंना म्हणाली. "ठराव मोडला असता. माही गाय तशी मेली, तशी कोनाची मरू नोये म्हनून केलं. तुमाले दिसू नोये म्हनून खाली लावलं."

मला रंजनाच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण ती खोटं बोलत नव्हती, हे मलाही दिसत होतं आणि वच्छलाबाईंनाही. ज्या लोकसहभागाचं आम्ही एवढं कौतुक करत होतो तो त्या ठिपक्यांवर उभा होता. ठिपके काढले तर तो पडणार होता.

वच्छलाबाई घरी जाताना म्हणाल्या, "बोलली तं बोडी भरते. नाई बोलली तं आजा मरते. सांगा मास्तरीणबाई, काय करू?"  "हा हंगाम जाऊ दे," शेवटी त्याच म्हणाल्या. "ढोराइले तं जात नसते ना. त्याइचं पोट तरी वाचू दे."

आणि ती बाई, जिला नाटकाच्या स्टेजवर कोणी गप्प बसवू शकलं नव्हतं, तो अख्खा हंगाम गप्प राहिली. मधेच तालुक्याहून स्वच्छतेची पाहणी करायला साहेब लोक आले. बोडी पाहिली, रस्ते पाहिले, फोटो काढले. गावाचा एवढा पाठिंबा कसा मिळवला, असं त्यांनी वच्छलाबाईंना विचारलं. सरपंच, रंजना, आम्ही सगळे उभे होतो. "लोकाइचा गाईवर जीव हाये, साहेब," एवढंच त्या म्हणाल्या. शाल-नारळ घेतला. फोटोत त्या हसत नाहीत.

हंगामाच्या शेवटी विहारात एक लग्न होतं आणि त्याला सोनाआजी आली. गावाचं ताट आलंय, सगळे एका ताटात जेवतात, हे लेकीनं सांगितलेलं तिनं ऐकलं होतं, म्हणून मुद्दाम आली. पंगतीत बसली, जेवली, आणि ताट धुवायला स्वतः उठली. धुताना तिच्या बोटाला ठिपका लागला. तिनं ताट डोळ्यांजवळ नेलं.

"हे काय व, वच्छला?"

मी तिथेच होते. वच्छलाबाईंनी आईच्या हातातल्या ताटावर पाणी ओतलं. "मोजाले खून केली हाय, माय," त्या म्हणाल्या.

आजीनं मान हलवली. "बरं केलं," म्हणाली, "नाई तं हरपते." आणि ताट पुसून ढिगावर ठेवलं. तिनं विश्वास ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईंनी रंजनाकडून किल्ली मागून घेतली आणि ब्लेडनं सगळे ठिपके खरवडून काढले. दोन्ही ढीग मिसळले. गटाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, "मी मायले खोटं बोलली. पुन्हा बोलनार नाई. आतापासून एकच ढीग हाय. ज्याले पाहिजे त्यानं न्यावा." भांडण झालं नाही.  भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, निदान उत्तर देता आलं असतं. फक्त ताटं न्यायला कोणी येईना. आमच्या आळीतल्या पुढच्या लग्नात मांडवात डिस्पोजलची पोती उतरली. "गडबड झाली, बाई." "पाहुने शहरातले हायेत." "पोरीच्या सासरचे आयकत नाईत." प्रत्येकाकडे कारण होतं. ठराव मात्र ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अजून रंगवलेला होता.

"आता समजलं मले, लोकाइले डिस्पोजल काऊन गोड लागते," वच्छलाबाई एकदा बोडीवर बसल्या असताना मला म्हणाल्या. पाण्यात पुन्हा प्लेटा तरंगत होत्या. "आपन समजून राह्यलो होतो का आळस हाये. आळस नाई, बाई. ताट फेकून देलं का ते कोनाचं होतं, कोन जेवलं, हा सवालच राहत नाई." त्यांनी काठी घेतली नव्हती. मी विचारलं, काढायच्या नाहीत का? "काढीन," त्या म्हणाल्या, "उद्या."

त्या काढायच्या, पण आता कोणाला हाक मारायच्या नाहीत. मला ते पाहवायचं नाही. मी अंगणवाडीच्या मुलांना स्टीलच्या ताटल्यांत जेवू घालायची आणि वाटायचं, ही मुलं तरी एका ढिगातून उचलतात. मग आठवायचं, त्यांच्या आयाही लहानपणी अशाच एका ढिगातून उचलत होत्या.

पावसाळ्यात वच्छलाबाईंना ताप आला. साधा वाटला, म्हणून दोन दिवस अंगावर काढला. मग बडबडू लागल्या, तेव्हा मोहल्ल्यातल्या लोकांनी गाडी करून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. मलेरिया मेंदूत गेला होता. डॉक्टरांनी हात टेकले. मी पोहोचले तेव्हा वच्छलाबाईंनी मला ओळखलं नाही.

अंत्ययात्रेला सगळं गाव आलं. हे मला लिहिलंच पाहिजे. कुणब्यांची आळी रिकामी झाली होती. सरपंच आले, ज्यांच्या मांडवात त्यांनी वाढप्याला प्लेटा परत दिल्या होत्या ते सगळे आले. रंजना रस्त्यातच मटकन खाली बसली आणि दोघींनी तिला उठवलं. ते रडणं खोटं नव्हतं. गावाचं त्यांच्यावर प्रेम होतं. मला आजही तेच समजत नाही. प्रेम नसतं तर मला इतकं दुःख झालं नसतं.

काही दिवसांनी त्यांच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं. सरपंचांनी भाषण केलं, वच्छलाबाईंनी गावाला स्वच्छतेचा मार्ग दाखवला, असं म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला. मग जेवणं मांडली. पंगत घराबाहेर मांडवात होती. आम्ही पेटी उघडून सगळी ताटं काढली होती आणि मांडून ठेवली होती. वच्छलाबाईंच्या जेवणाला डिस्पोजल आणायची कोणाची हिंमत नव्हती.

आमच्या आळीतली माणसं उठली. एकेक जण सोनाआजीपुढे येत होता, हात जोडत होता. "आजी, माहा आज उपास हाय." "मले डाक्टरनं बाहेरचं खाले मना केलं." "घरी पाहुने येऊन बसले हायेत, आजी, नाई तं जेवलोच असतो." रंजनानं तर आजीचे पाय धरले. पोटात कसंतरी होतंय, म्हणाली, आणि खरंच होत असेल. एवढ्या माणसांना एकाच दिवशी कसला उपास, म्हणून मी घरी आल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. त्या दिवशी काहीच नव्हतं.

आजी प्रत्येकाला म्हणत होती, "हो बाबा. जा बाबा. आले तेच लई झालं."

मोहल्ल्यातली माणसं जेवली. मी जेवले. आमच्या आळीसाठी मांडलेली रांग तशीच राहिली, ताटांत मीठ वाढलेलं, बाजूला पाण्याचे पेले भरलेले. मांडव ओसरल्यावर मी ती उचलायला वाकले, तर आजीनं मला थांबवलं. ती माझ्याजवळ येऊन बसली, आणि त्या रांगेकडे पाहत राहिली. तिला आता सगळं समजलं होतं. ठिपका कसला होता, तेही.

"निर्मलाबाई," ती म्हणाली, "आमच्या धम्मात मेलेला मानूस मागं राहून पाहत नाई. भंतेजी तसंच सांगते. खरं हाय ना?"

"खरं आहे, आजी."

"वच्छला हे पाहून नाई राह्यली ना?"

"नाही, आजी."

"मंग बरं हाय," आजी म्हणाली. तिनं राखेची वाटी ओढून घेतली आणि न जेवलेलं पहिलं ताट घासायला घेतलं.